माईंची स्मरणिका: नव्वद वर्षं आणि छत्तीस पानं

दैनिकात माईंची निधनवार्ता आली ती पाच ओळींची. वृद्धापकाळाने निधन, धार्मिक व मनमिळाऊ स्वभाव, पश्चात मुलगे, मुली, सुना, जावई, नातवंडं, पतवंडं असा मोठा परिवार. यातलं एक अक्षरही खोटं नाही. पण वरचं नाव झाकलं, तर त्या पाच ओळी नाशकातल्या कुठल्याही वयोवृद्ध बाईला लागू पडतात. माईंनी बासष्टच्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणले, एकोणसत्तरच्या पुरात घरोघरच्या पोळ्या गोळा केल्या, वाड्याच्या ओसरीवर बालवाडी चालवली आणि साठी उलटल्यावर पोलिओच्या बूथवर बसल्या. यातलं काहीच त्या ओळींत नव्हतं, आणि पुढच्या पिढीच्या हाती ते येण्याची शक्यताही नव्हती. म्हणून वर्षश्राद्धाला त्यांची स्मरणिका काढायचं घरात ठरलं.

काम सुरू करताना एकच नियम घातला: विशेषण लिहायचं नाही. ‘प्रेमळ’, ‘कष्टाळू’, ‘सेवाभावी’ असा शब्द सुचला की तिथे माईंची एखादी कृती, आकडा किंवा वस्तू लिहायची. ती सापडत नसेल तर वाक्य सोडून द्यायचं. हा नियम पाळणं जड जातं, कारण आपल्याकडे गेलेल्या माणसाबद्दल लिहिण्याचे साचे तयार असतात आणि हात आपोआप त्यांच्याकडेच वळतो.

पहिला कच्चा माल दशक्रियेला मिळतो, आणि बहुतेक घरं तो वाया घालवतात. नाशकात दशक्रिया गोदाघाटावर होते. विधी आटोपला की रामकुंडापाशीच नातलग, शेजारी, ओळखीचे चार शब्द बोलतात. दहा दिवसांत आठवणी अजून ताज्या असतात आणि एरवी घरी न येणारी माणसंही त्या दिवशी आवर्जून आलेली असतात. माईंच्या वेळी सात जण बोलले. घरातल्या एकाने मोबाईलवर ध्वनिमुद्रण केलं, एकाने वहीत बोलणाऱ्याचं नाव, गल्ली आणि फोन टिपला. नुसतं ध्वनिमुद्रण पुरत नाही. घाटावर एकाच वेळी चार-पाच घरांचे विधी चालू असतात, त्यांचे मंत्र आणि कावळ्यांचा कलकलाट यात बोलणाऱ्याचं नाव हमखास बुडतं. मोबाईल लाऊडस्पीकरजवळ ठेवू नये, आवाज फाटतो. बोलणाऱ्याच्या शेजारी उभं राहून छातीच्या उंचीवर धरावा.

त्या सात भाषणांतून एकोणीस दुवे निघाले. ‘माईंनी माझ्या बहिणीला शिवणकाम शिकवलं’ हा एक दुवा. पुढचे प्रश्न आपण काढायचे: कोणत्या साली, कुठे, मशीन कुणाचं, आणखी कोण होतं. प्रत्येक दुव्याला एक वेगळा कागद केला. पुढे वर्षभर त्याच कागदांवर भर पडत गेली.

आता तारखा. सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि सगळ्यात जास्त चुकाही इथेच सापडल्या.

माईंचा जन्म आधार कार्डावर १ जून १९३३. जुन्या पिढीतल्या माणसाची जन्मतारीख १ जून दिसली की ती खरी नाही असं धरूनच चालावं. शाळेत नाव घालताना घरच्यांना तारीख सांगता आली नाही, तर गुरुजी १ जून लिहून मोकळे होत आणि तीच तारीख आयुष्यभर कागदोपत्री चिकटे. माहेरच्या ट्रंकेत माईंची पत्रिका निघाली. तीत शके १८५५, माघ शुद्ध पक्ष, शुक्रवार, उत्तररात्री असं होतं. इथे दोन ठिकाणी पाय घसरतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन, हे सगळ्यांना पाठ असतं. पण ते चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंतच खरं. जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८५५ चा माघ हा १९३३ मध्ये येत नाही, तो जानेवारी-फेब्रुवारी १९३४ मध्ये येतो. दुसरी घसरण वाराची. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, मध्यरात्री नव्हे. पत्रिकेतली शुक्रवारची उत्तररात्र म्हणजे इंग्रजी हिशेबाने शनिवारची पहाट. या दोन दुरुस्त्यांनंतर तारीख जानेवारी १९३४ च्या शेवटच्या आठवड्यात बसली. कागदांवर माई आठ महिन्यांनी थोरल्या झाल्या होत्या.

लग्नाआधीचं काहीही शोधायचं तर बाईच्या बाबतीत आणखी एक भिंत आडवी येते: नाव. त्या काळी लग्नात आडनाव तर बदलेच, पण पाटावर तांदळात सोन्याच्या अंगठीने नवं नावही लिहिलं जाई. माईंचं माहेरचं नाव मुलांनाही नीट माहीत नव्हतं. ते सांगितलं धाकट्या मावशींनी. रामकुंडावरच्या आमच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत घराणं मागच्या पिढ्यांसकट सापडलं. मात्र तिथे माईंची नोंद सासरच्या नावाने, ‘अमक्याची पत्नी’ एवढीच. नामावळीतून घराणं कळतं. बाई शोधायची असेल तर माहेरच्या गावच्या शाळेत जावं लागतं.

शाळेचं जनरल रजिस्टर दाखल क्रमांकाने लावलेलं असतं, नावाने नव्हे. ‘अमुक नावाची मुलगी बघा’ असं म्हटलं तर कुणालाच ते सापडणार नाही. दाखल झाल्याचं वर्ष दोन वर्षांच्या टप्प्यात तरी सांगता आलं पाहिजे. माईंच्या वेळी धाकटी मावशी किती वर्षांनी लहान आणि दोघी एका वर्गात होत्या का, एवढ्यावरून ते वर्ष काढलं. लेखी अर्ज, मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि नातं दाखवणारा एक कागद जवळ ठेवला की काम सोपं होतं. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करायची असते. त्या गडबडीत नावाचं मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग दोन्ही तपासून घ्यावं, नाहीतर पुढे प्रत्येक कागदाला प्रतिज्ञापत्र जोडत बसावं लागतं.

मधल्या वर्षांना कागद फारसे नसतात. तिथे आठवणींना खुंट्या लागतात. म्हाताऱ्या माणसाला ‘कोणतं साल?’ विचारलं की ती गोंधळतात. ‘तेव्हा छप्पनचा सिंहस्थ झाला होता का?’ विचारलं की लगेच सांगतात. नाशकात सिंहस्थ ही सगळ्यात पक्की खुंटी: १९५६, १९६८, १९८०, १९९१, २००३, २०१५. तिच्या जोडीला नवे पैसे आले ते १९५७, पानशेत फुटलं ते १९६१, कोयनेचा भूकंप डिसेंबर १९६७ चा, बाहत्तरचा दुष्काळ, एकाहत्तरच्या युद्धातले ब्लॅकआऊट. थोरल्या मुलीच्या जन्माआधी की नंतर, हा प्रश्नही तितकाच कामाचा. बायकांची दिनदर्शिका बाळंतपणांवर चालायची, आणि ती सहसा चुकत नाही.

या सगळ्यात जिच्यासाठी स्मरणिका काढली असं आज वाटतं ती वस्तू देवघराच्या फडताळात मिळाली. लाल पुठ्ठ्याची, उभी, दोऱ्याने शिवलेली हिशेबाची चोपडी. खालचे कोपरे पाण्याने फुगलेले. आत पानोपान तीन रकाने आखलेले. पहिल्या रकान्यात घर: ‘तांबट लेन, वरचा मजला’, ‘विहिरीसमोर’, ‘घनकर लेन, मास्तरीणबाई’. दुसऱ्यात पोळ्या: २०, २५, ४०, एका ठिकाणी ६ आणि त्यापुढे कंसात ‘बाळंतीण आहे’. तिसऱ्या रकान्यावर लिहिलंय ‘डबा’, आणि खाली बरोबरच्या खुणा.

पहिल्या पानाची बेरीज ६१२, घरं एकवीस. किलोला तीस पोळ्या धरल्या तरी एका दिवसाला वीस किलोच्या वर कणीक झाली. तिसऱ्या रकान्याचा अर्थ मात्र आठवडाभर कुणाला लागेना. तो उलगडून सांगितला माईंच्या बरोबरीच्या एका आजींनी. प्रत्येक घर पोळ्या आपल्या पितळी किंवा जर्मनच्या (अ‍ॅल्युमिनियमच्या) डब्यात देई. डब्यावर नाव कोरलेलं. संध्याकाळी तो डबा घासून परत ज्याच्या त्याच्या दारात गेला की माई खूण करत. ‘डबा परत आला नाही तर उद्या पोळ्या कशात देणार? आणि एकदा डबा हरवला की ते घर कायमचं तुटतं,’ असं माई म्हणायच्या, हे त्या आजींनी सांगितलं. सलग नऊ पानांत एकही खूण करायची राहिलेली नाही. गोळा करणारे पुष्कळ असतात. परत करण्याचा हिशेब ठेवणारं माणूस असलं तरच असं काम दुसऱ्या दिवशी चालतं. माईंचं सगळं काम त्या एका रकान्यात दिसतं, म्हणून ते पान स्मरणिकेत पूर्ण आकारात छापलं.

पण चोपडीवर साल नव्हतं. घरात दोन तट पडले: ही एकोणसत्तरच्या पुराची की २००८ च्या? दोन्ही पूर सप्टेंबरातले, दोन्ही वेळा गोदावरीचं पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरलेलं, दोन्ही वेळा माईंनी पोळ्या गोळा केलेल्या. उत्तर चोपडीतच होतं. पहिल्या पानाच्या डोक्यावर ‘गुरुवार, पोळा’ असं लिहिलंय. २००८ साली पोळा ऑगस्टच्या शेवटी होऊन गेला होता, पूर त्यानंतर आला. १९६९ साली अधिक महिना आलेला, त्यामुळे श्रावणी अमावास्या ११ सप्टेंबरला पडली आणि तो वार गुरुवारच. जुनं पंचांग वाचनालयात बसून उघडलं आणि वाद संपला. पोळ्याच्या दिवशी त्या बायकांनी आधी पूरग्रस्तांच्या पोळ्या लाटल्या, मग घरच्या पुरणाकडे वळल्या, हेही त्या दोन शब्दांवरून कळलं. २००८ चा हिशेब नंतर कॅलेंडरच्या पाठीमागे सापडला. त्यात डब्याचा रकाना नाही. तोवर पोळ्या पिशव्यांतून यायला लागल्या होत्या.

मुलाखतींचं थोडक्यात सांगायचं तर वेळ सकाळी साडेदहा ते बाराची घ्यावी. ऐंशीच्या पुढची माणसं दुपारच्या जेवणानंतर थकतात. पाऊण तासाच्या वर बसू नये, लागलं तर दुसऱ्यांदा जावं. पंखा बंद करावा, मोबाईल फ्लाईट मोडवर टाकावा, स्वयंपाकघराकडे पाठ करून बसावं. कुकरच्या शिट्टीने तीन महत्त्वाची नावं आम्हाला परत विचारावी लागली. ‘माई कशा होत्या?’ हा प्रश्न विचारायचाच नाही. त्याला ‘देवमाणूस होत्या हो’ एवढंच उत्तर येतं आणि पुढे डोळ्यांत पाणी. त्याऐवजी एक फोटो हातात द्यावा आणि विचारावं: यातलं कोण कोण ओळखता? माई किती वाजता यायच्या? हातात काय असायचं? पैसे कशात ठेवायच्या? ‘कशात ठेवायच्या’ला उत्तर मिळालं: ‘अफगाण स्नोच्या रिकाम्या बाटलीत, बालवाडीचे वेगळे आणि भिशीचे वेगळे.’ असं वाक्य स्तुतीच्या दहा पानांवर भारी पडतं. एका तासाचं बोलणं कागदावर उतरवायला पाच-सहा तास लागतात, हा हिशेब आधीच धरावा. सतरा जणींशी बोलणं झालं तेव्हा लिहिणारे हात तिघांचे होते, तरी चार महिने गेले.

फोटोंच्या बाबतीत घाई सगळ्यात महागात पडते. जुन्या काळ्या पुठ्ठ्याच्या अल्बममधले फोटो कोपऱ्यांतून सहज निघतात. ऐंशीच्या दशकातले चिकट पानांचे, वरून प्लास्टिक असलेले अल्बम धोक्याचे. त्यातला फोटो नखाने उचकटला की कडा फाटते किंवा पाठ पानालाच राहते. फोटोच्या मागून शिवणाचा बारीक दोरा करवतीसारखा हळूहळू फिरवावा. तरीही सुटला नाही तर पानासकट स्कॅन करावा. बुरशी दिसली म्हणून ओल्या कापडाने पुसू नये, त्याबरोबर चित्रही निघून येतं. दोन-तीन इंची कृष्णधवल फोटो ६०० डीपीआयला (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करावेत, म्हणजे छापताना दुप्पट मोठे करता येतात. पाठीमागे बॉलपेनने लिहू नये, शाई पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सिलीने कडेला लिहावं. नातलगांना फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवताना ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ असं स्पष्ट सांगावं. साधा पाठवलेला फोटो आकुंचन पावतो आणि छापल्यावर चेहरा धुरकट येतो. ए-५ पानाच्या पूर्ण रुंदीला सुमारे १७५० पिक्सेल लागतात, एवढं बघितलं की कोणता फोटो मोठा छापायचा ते ठरतं. फाईलच्या नावात साल आधी घालावं, म्हणजे सगळं आपोआप क्रमाने लागतं.

छापायचं नाही ते आधी ठरवलं, आणि ते ठरवताना घरात पुष्कळ चर्चा झाली. माईंच्या दुसऱ्या एका वहीत कुणाला किती पैसे दिले, कुणाच्या मुलीची फी भरली, कोणत्या सुनेला रात्री घरी ठेवून घेतलं, असं सगळं नावानिशी होतं. स्मरणिकेसाठी याहून प्रभावी मजकूर मिळाला नसता. पण माईंनी जे पन्नास वर्षं ओठाबाहेर काढलं नाही ते त्यांच्याच आठवणीच्या नावाखाली छापणं म्हणजे त्यांच्या कामावर पाणी ओतणं. मदत करणाऱ्यांची नावं घेतली, मदत घेतलेल्यांचं एकही नाव घेतलं नाही. ती वही घरातच ठेवली आहे. याशिवाय हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, फोन वगळले. आधार कार्डाचा फोटो ‘चांगला आलाय’ म्हणून कुणी दिला, तर तो नंबरासकट जाणार नाही हे बघावं.

वंशवृक्षात मात्र एकही नाव सुटता कामा नये. नेहमीच्या वंशावळीत मुलगे, नातू, पणतू एवढेच येतात. माईंच्या वृक्षात मुली, सुना आणि लेकींची मुलंबाळं एकाच आकाराच्या अक्षरात घेतली, सुनांच्या नावापुढे त्यांचं माहेरचं नावही दिलं. कच्चा वृक्ष प्रत्येक शाखेतल्या एकाकडे सहीसाठी पाठवला. तीन नावं राहिली होती आणि दोन नावांचं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं. छापून झाल्यावर हे कळलं असतं तर मनं दुखावली असती, आणि ती दुखापत पिढीभर टिकते.

छपाईत पानांची संख्या चारच्या पटीत लागते, कारण मधोमध पिनांची बांधणी होते. आम्ही ३६ आतली पानं आणि वेगळं मुखपृष्ठ धरलं: आत ९० जीएसएम (चौरस मीटरला ९० ग्रॅम) मॅपलिथो हा साधा छपाईचा कागद, बाहेर २५० जीएसएम आर्ट कार्ड हा जाड, गुळगुळीत कागद. प्रती २००, म्हणून डिजिटल छपाई. पाचशेच्या पुढे ऑफसेट परवडतं. फजिती झाली ती अक्षरांची. घरी मजकूर युनिकोडमध्ये टाइप केला होता, छापखान्यातल्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ओतल्यावर रफार एक घर पुढे सरकले, ‘ऱ्या’ सगळीकडे तुटला आणि ‘पायऱ्या’, ‘कार्तिक’ असे शब्द ओळखू येईनात. पडद्यावर बघून हे सापडत नाही. कागदावर काढलेली प्रत हवी, आणि ती ज्याने मजकूर लिहिला नाही अशा माणसाने वाचायला हवी. नावांसाठी एक वेगळं वाचन केलं, शेवटच्या पानाकडून पहिल्याकडे. मन अर्थामध्ये गुंतत नाही, त्यामुळे चूक डोळ्यात भरते.

मोठी चूक तरीही झालीच. माई गेल्या त्या इंग्रजी तारखेच्या आधी आठ दिवस प्रती हातात येतील असं छापखान्याशी ठरवलं होतं. वर्षश्राद्ध तिथीने करायचं होतं, आणि तिथी दरवर्षी तारखेच्या सुमारे ११ दिवस आधी येते. मध्ये अधिक महिना असेल तर उलट १८-१९ दिवस पुढे जाते. २०२५ ला अधिक महिना नव्हता. लक्षात आलं तेव्हा हाती तीन आठवडे होते. शेवटचं वाचन दोन रात्रींत उरकलं आणि त्या घाईचा डाग एका पानावर राहिला: बाविसाव्या पानावरच्या बालवाडीच्या फोटोत उजवीकडून दुसऱ्या बाई आणि तिसऱ्या बाई यांची नावं उलटी छापली गेली.

त्यातल्या एका बाई आज अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. वर्षश्राद्धाला प्रत हाती घेतल्याबरोबर त्यांनी बोट ठेवून दाखवलं. दुसऱ्या दिवशी चार ओळींचं शुद्धिपत्र काढलं, बोटाच्या दोन पेरांएवढ्या चिठ्ठ्या कापल्या आणि उरलेल्या १४० प्रतींत फोटोखाली खळीने चिकटवल्या. गेलेल्या साठ प्रतींची यादी होतीच: घर, प्रती, आणि तिसरा रकाना चिठ्ठीचा. सत्तावन्न घरी चिठ्ठी पोचली, खुणा झाल्या. तीन प्रती बाहेरगावी आहेत, पुढच्या पोस्टात जातील.